गावात दुरुस्त होईल तेच स्वस्त

दरवाज्यावर वेलबुट्टी कोरणारा राउटर, एमडीएफमधून जाळी कापणारे यंत्र, ॲक्रिलिकची अक्षरे काढणारे लेझर, गेटसाठी पत्रा कापणारा प्लाझ्मा ही यंत्रे आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. नांदेड आणि लातूरच्या फर्निचर, फॅब्रिकेशन आणि बोर्ड-पाट्यांच्या धंद्यातही त्यांना काम आहे. बाहेरून ती कितीही वेगळी दिसली तरी लहान आणि मध्यम यंत्रांच्या पोटात बहुधा एकच रचना सापडते. तीन-चार स्टेपर मोटरी असतात, प्रत्येकीला वीज मोजून देणारा ड्रायव्हर असतो आणि सगळ्यांना एका तालात हलवणारा कंट्रोलर असतो. हा कंट्रोलर कमी खर्चात कसा निवडावा किंवा स्वतः कसा बांधावा, हा या पुस्तिकेचा विषय आहे. बाजारात याची उत्तरे ढिगाने मिळतात आणि बहुतेक उत्तरे बिलावरच्या आकड्याची तुलना करून थांबतात. इथे मांडायचा मुद्दा वेगळा आहे. मराठवाड्यातल्या कारखानदारासाठी जो कंट्रोलर बिघडल्यावर नेमका बिघडलेला भाग ओळखता येतो आणि तेवढाच भाग इथल्या इथे बदलता येतो, तो स्वस्त. ही कसोटी लावली की कुठे पैसे वाचवावेत आणि कुठे मुळीच वाचवू नयेत, याचे उत्तर बाजारातल्या उत्तराच्या जवळजवळ उलटे निघते.

या कसोटीमागे आधी भूगोल आहे. नांदेडच्या माणसाला इलेक्ट्रॉनिक्सचा भरलेला बाजार हवा असेल तर हैदराबादचे कोटी गाठावे लागते. ते अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. लातूरकराला पुण्याची बुधवार पेठ त्याहूनही लांब पडते. आता सुटे भाग कुरियरने घरपोच येतात, तेव्हा अंतराचा प्रश्न उरला कुठे, असे कोणी म्हणेल. भाग येतो हे खरे, पण कोणता भाग मागवायचा हे आधी कळावे लागते. एका अक्षाची मोटर थरथरते आणि पुढे जात नाही, तेव्हा दोष मोटरीत आहे, ड्रायव्हरमध्ये आहे, तारेत आहे की आज्ञा देणाऱ्या बोर्डात, हे ठरवणारा माणूस कुरियरने येत नाही. अख्खा कंट्रोलर खोक्यात बांधून पाठवायचा, तो दुरुस्त होऊन येईपर्यंत यंत्र झाकून ठेवायचे आणि लग्नसराईत घेतलेल्या ऑर्डरी शेजारच्याकडे वळवायच्या, हा खरा खर्च आहे. तो बिलावर छापलेला नसतो, म्हणून तुलनेत धरला जात नाही.

निदान इथे करायचे तर कंट्रोलर तीन वेगळी कामे करतो हे आधी समजून घ्यावे लागते. पहिले काम वाचण्याचे आणि आखण्याचे. जी-कोडमधली ओळ घ्यायची, टूलला कुठून कुठे जायचे ते पाहायचे आणि वेग कुठे वाढवायचा, कुठे आवरायचा ते ठरवायचे. दुसरे काम त्या आखणीचे पल्समध्ये रूपांतर करण्याचे. प्रत्येक अक्षाला किती पल्स आणि कोणत्या क्षणी द्यायच्या, म्हणजे तिरकी रेषा तिरकीच निघेल, हा इथला प्रश्न. आयबीएममधल्या जॅक ब्रेसनहॅम यांनी पायरीपायरीने चालणाऱ्या प्लॉटरसाठी १९६२ साली शोधलेली आणि १९६५ साली प्रसिद्ध केलेली रेषा काढण्याची रीत आजच्या कितीतरी स्वस्त कंट्रोलरांत याच कामासाठी वापरली जाते. फक्त पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी लागत असल्याने अगदी लहान चिपलाही ती झेपते. तिसरे काम प्रत्यक्ष विजेचे. पल्स आली की मोटरीच्या गुंडाळ्यांतला प्रवाह बदलायचा आणि नेमून दिलेल्या मर्यादेत ठेवायचा. पहिली दोन कामे गणिताची, तिसरे उष्णतेचे आणि तांब्याचे. बिघाड बहुतांशी तिसऱ्या कामात होतात, तरी खरेदी करताना चर्चा मात्र पहिल्या दोनांचीच होते.

त्या पहिल्या दोन कामांची किंमत गेल्या काही दशकांत किती उतरली ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या एका प्रकल्पातून आज लिनक्ससीएनसी या नावाने ओळखली जाणारी मुक्त प्रणाली आली. साध्या संगणकाच्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टमधून ती पल्स काढते. विंडोजवर हेच काम माक-३ करू लागले. दोन्हींत अडचण एकच होती. संगणक दुसऱ्या कामात क्षणभर गुंतला की पल्सचा ताल बिघडतो, आणि पुढे तो पोर्टच नव्या संगणकांतून नाहीसा झाला. २००९ साली सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ग्रबल हा प्रोग्रॅम लिहिला. अर्डुइनो ऊनोवरच्या १६ मेगाहर्ट्झच्या आणि जेमतेम २ किलोबाइट रॅमच्या चिपवर तो तीन अक्ष चालवतो, पुढच्या दीड डझन हालचाली आधी पाहून वेग आखतो आणि सेकंदाला सुमारे ३० हजार पल्स काढू शकतो. तो मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे आणि ज्या बोर्डावर चालतो तो काही शे रुपयांत मिळतो. चौथा अक्ष हवा असेल किंवा गॅन्ट्रीच्या दोन बाजूंच्या मोटरी स्वतंत्रपणे होम करून, म्हणजे ठरलेल्या शून्यावर नेऊन, ती काटकोनात आणायची असेल, तर ईएसपी-३२ वर चालणारे फ्लुइडएनसी किंवा इतर चिपांवर चालणारे ग्रबलहॅल असे पर्याय आहेत. तात्पर्य, आज्ञा देणारा बोर्ड हा यंत्रातल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक होऊन बसला आहे. तो कपाटात दुसरा तयार ठेवावा इतका स्वस्त.

एवढा साधा बोर्ड खऱ्या कामाला पुरेल का, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर गणिताने द्यावे लागते. सामान्य स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हरवर आठ सूक्ष्मपायऱ्या ठेवल्या तर एका फेऱ्याला १,६०० पल्स लागतात. बॉल स्क्रूची पिच ५ मिलिमीटर असेल तर एका मिलिमीटरला ३२० पल्स झाल्या. सेकंदाला ३० हजार पल्स मिळत असतील तर टूल सेकंदाला ९३ मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला साडेपाच मीटरहून अधिक सरकू शकते. लहान राउटरवर लाकूड किंवा एमडीएफ कापताना मिनिटाला दोन-तीन मीटर वेगही पुष्कळ होतो. मग ऊनो कमी पडतो अशी तक्रार का ऐकू येते? कारण सूक्ष्मपायऱ्या आठऐवजी बत्तीस ठेवलेल्या असतात. तेव्हा मिलिमीटरला १,२८० पल्स लागतात आणि तोच बोर्ड मिनिटाला दीड मीटरच्या आत अडतो. जास्त सूक्ष्मपायऱ्या म्हणजे जास्त अचूकता, या समजुतीने ही मर्यादा ओढवून घेतलेली असते. मोटरीची स्वतःची चूक एका पूर्ण पावलाच्या सुमारे पाच टक्के असू शकते. शिवाय पावलाचे सोळा भाग केले की एका भागापुरते सरकल्यावर मिळणारा टॉर्क पूर्ण धारण-टॉर्कच्या दहा टक्क्यांच्याही आत असतो. स्क्रूचे घर्षण तेवढे सहज खाऊन टाकते आणि मोटर दोन-तीन सूक्ष्मपायऱ्या साठल्यावरच हलते. सूक्ष्मपायऱ्यांनी चाल मऊ होते आणि आवाज कमी होतो. हे फायदे खरे आहेत, पण मायक्रॉनचे आकडे कागदावरच राहतात.

पैसे कुठे घालावेत याचे उत्तर यानंतर येते. स्टेपर मोटर डोळे बांधून पावले मोजत चालणाऱ्या माणसासारखी असते. वाटेत ठेच लागून एक पाऊल हुकले तरी मोजणी पुढे चालूच राहते आणि शेवटी तो भलत्याच दारात उभा असतो. सगळी रचना पाऊल हुकू न देण्यासाठी करायची असते आणि पाऊल हुकते ते बहुतेकदा टॉर्क कमी पडल्याने. नेमा-२३ मापाची, २.८ अँपियरची आणि ४ मिलिहेन्री इंडक्टन्सची मोटर घ्या. ती सेकंदाला पाच फेरे फिरत असेल, म्हणजे ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर टूल मिनिटाला दीड मीटर सरकत असेल, तर सेकंदाला हजार पावले पडतात आणि एका पावलाला एक मिलिसेकंद मिळतो. गुंडाळीतला प्रवाह पूर्ण चढायला १२ व्होल्टवर जवळपास तेवढाच, सुमारे ०.९३ मिलिसेकंद लागतो. तारेचा रोध आणि फिरत्या मोटरीचा उलटा दाब धरला तर त्याहून जास्त. प्रवाह चढेपर्यंत पुढचे पाऊल येऊन ठेपते आणि टॉर्क अर्ध्यावर राहतो. ३६ व्होल्टवर हेच काम ०.३१ मिलिसेकंदात होते. मोटर तीच, बोर्ड तोच आणि प्रोग्रॅमही तोच असतो. फरक फक्त पॉवर सप्लायचा. मोटरीच्या लेबलवर तीन व्होल्ट लिहिले आहेत म्हणून तेवढेच द्यायचे, ही गफलत इथूनच सुटते. प्रवाह कापून मर्यादेत ठेवणे हे ड्रायव्हरचे काम आहे. ते तो नीट करत असेल तर दाब जास्त असणे हिताचेच.

म्हणून खर्चाची पहिली रक्कम ३६ व्होल्टच्या चांगल्या एसएमपीएसवर आणि प्रत्येक अक्षाच्या वेगळ्या ड्रायव्हरवर जावी, असे ही पुस्तिका सांगते. वेगळ्या ड्रायव्हरचा आग्रह का, याला पुरावा बाजारानेच दिला आहे. टीबी-६५६० चिपांचे तीन अक्ष एकाच पाटीवर बसवलेले निळे बोर्ड एके काळी हौशी मंडळींत सर्रास विकले गेले. त्या चिपला तिच्या तर्काची ५ व्होल्ट वीज आधी आणि मोटरीची वीज नंतर मिळावी लागते. हा क्रम चुकला किंवा वीज चालू असताना मोटरीची तार निघाली की चिप जाते. एका अक्षाची चिप गेली की उरलेले दोन अक्ष धड असूनही पाटी निकामी होते, कारण तिथे चिप काढून नवी बसवणे प्रत्येकाला जमत नाही. वेगळ्या ड्रायव्हरांत हाच अपघात चार स्क्रू आणि दहा तारांचा प्रश्न ठरतो. निदानही सोपे होते. संशयित अक्षाची मोटर शेजारच्या ड्रायव्हरला जोडून पाहिली आणि ती नीट फिरली की दोष कुठे नाही ते कळते. दोन जोड्यांची अदलाबदल करून दोष हुडकणे हे मल्टिमीटरइतकेच उपयोगी साधन आहे आणि ते फक्त सुट्या रचनेतच वापरता येते. प्रोजेक्टसाठी विद्यार्थी अनेकदा एल-२९८ चे मॉड्यूल घेतात. ते स्वतः प्रवाह मर्यादेत ठेवत नाही आणि दोनेक व्होल्ट स्वतःतच जिरवते, म्हणून कमी रोधाच्या मोटरींसाठी ते टाळावे. टीबी-६६०० नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यात तीच चिप असेलच असे नाही. म्हणून डब्यावर छापलेल्या कमाल प्रवाहाच्या बऱ्याच खाली काम करावे.

हवामान आणि वीज यांचा विचार परदेशी पुस्तकांत आपल्या गरजेइतका सापडत नाही. नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुष्कळ वर असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. ए-४९८८ सारखा थ्रीडी प्रिंटरमधला छोटा ड्रायव्हर कागदावर २ अँपियरचा असला तरी हीट सिंकशिवाय १ अँपियरच्या आसपासच टिकतो. तोही आकडा थंड खोलीतला. डबा बंद ठेवला तर उष्णता कोंडते आणि उघडा ठेवला तर एमडीएफचा भुसा आत जातो. म्हणून मोठ्या हीट सिंकचे ड्रायव्हर आणि गाळणी लावलेला पंखा हा चैनीचा खर्च मानू नये. दुसरा प्रश्न अर्थिंगचा. स्पिंडलचा वेग बदलणारा व्हीएफडी मोठा विद्युत गोंगाट निर्माण करतो. तो लिमिट स्विचच्या तारेत शिरला की यंत्र मधेच थांबते आणि यूएसबीच्या तारेत शिरला की संगणकाशी संबंध तुटतो. शील्डची तार, स्विचपाशी छोटा कपॅसिटर आणि सिग्नलसाठी ऑप्टोकपलर हे उपाय स्वस्त आहेत, पण त्यांचा पाया चांगली अर्थिंग हाच. काळी जमीन उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची आठवण करून देणे अप्रस्तुत वाटेल, पण यंत्राची कारण न कळणारी दुखणी अनेकदा तिथेच असतात. तिसरा प्रश्न वीज जाण्याचा. पुरवठा तुटला की स्टेपर यंत्र आपली जागा विसरते. होमिंगचे स्विच बसवलेले असतील तर काम पुन्हा त्याच शून्यापासून सुरू करता येते. किमतीच्या मानाने यंत्रातला सर्वांत उपयोगी भाग कोणता, असे विचारले तर उत्तर हेच स्विच.

आता दोन मोठे आक्षेप. पहिला असा की, हातात धरायचा तयार डीएसपी कंट्रोलर मिळतो, त्यात पेन ड्राइव्ह घातली की संगणकाशिवाय काम सुरू होते, मग स्वतः बांधण्याचा खटाटोप कशाला? जो कारखानदार रोज दरवाजेच कापतो आणि ज्याला बोर्ड समजून घेण्यात रस नाही, त्याने तो घ्यावा. त्यात कमीपणा नाही. मात्र असा कंट्रोलरसुद्धा बाहेरच्या ड्रायव्हरांना पल्सच देतो. म्हणजे सप्लाय, ड्रायव्हर, वायरिंग आणि होमिंगबद्दल वर जे म्हटले ते त्यालाही तसेच लागू आहे. त्याच्या आतल्या सगळ्या सेटिंग वहीत उतरवून ठेवाव्यात आणि तो बंद पडला तर त्याच ड्रायव्हरांना जोडता येईल असा ग्रबलचा बोर्ड जवळ असावा, एवढीच भर. दुसरा आक्षेप असा की, स्टेपर मुळातच आंधळी मोटर आहे, तेव्हा एन्कोडर असलेली क्लोज्ड लूप किंवा सर्वो का घेऊ नये? उभ्या अक्षावर जड स्पिंडल असेल किंवा वाया गेलेला माल महाग असेल तर जरूर घ्यावी. पण क्लोज्ड लूप स्टेपरचे ड्रायव्हरही बहुधा तीच पल्स आणि दिशेची आज्ञा स्वीकारतात. सुटी रचना असेल तर आज एक अक्ष बदलता येतो, पैसे आले की दुसरा. अखंड बोर्ड घेतला असेल तर सगळेच फेकावे लागते. दोन्ही आक्षेपांचे उत्तर मूळ मुद्द्यालाच बळ देते.

उरतो तो माणसांचा प्रश्न. इथे हे शिकणार कोण आणि शिकवणार कोण? साधने आणि संस्था दोन्ही आहेत. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ पासून उभी आहे. लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि दोन्ही जिल्ह्यांत आयटीआयची जाळी आहे. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून शाळांत थ्रीडी प्रिंटर पोचले आहेत आणि असा प्रिंटर म्हणजे चार स्टेपर मोटरींचा कंट्रोलरच असतो. सहावी-सातवीच्या मुलासमोर या विषयाची चालती प्रत उभी आहे. खेड्यात अशी यंत्रविद्या रुजू शकते का, याचेही उत्तर महाराष्ट्राने आधीच दिले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ साली तिथे एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब उभी राहिली. तिथला धडा असा की, विद्यार्थ्याने स्वतः उघडून जोडलेले साधन त्याला कळते आणि कुलूपबंद साधन फक्त वापरता येते. लातूरला २०१८ साली पायाभरणी झालेल्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यासारखे मोठे उद्योग आपली यंत्रे आणि त्यांचे तंत्रज्ञ स्वतः आणतील. तालुक्याच्या गावातल्या राउटरसाठी तंत्रज्ञ कोणी आणणार नाही. तो इथेच तयार व्हावा लागेल. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणण्याऐवजी गावातल्याच एखाद्या बंद पडलेल्या यंत्राचा कंट्रोलर नव्याने बांधणे, हा विद्यार्थी आणि यंत्राचा मालक अशा दोघांच्याही फायद्याचा व्यवहार आहे.

या मांडणीला मर्यादा आहेत आणि त्या आधीच सांगितलेल्या बऱ्या. पोलाद कापणारे जड मिलिंग यंत्र, माणसाच्या अंगाजवळून फिरणारा रोबो किंवा रात्रंदिवस निगराणीविना चालणारी लाइन यांसाठी इथली रचना वापरू नये. लहान यंत्रातही इमर्जन्सी स्विचने बोर्डाला नुसती सूचना देऊन भागत नाही. त्याने ड्रायव्हर आणि स्पिंडल यांची वीज प्रत्यक्ष तोडली पाहिजे, कारण ज्या बोर्डावर विसंबून राहायचे तोच त्या क्षणी अडकलेला असू शकतो. स्वस्ताईच्या नावाखाली हा स्विच, फ्यूज आणि अर्थिंग यांत काटकसर करणाऱ्याला या पुस्तिकेचा आधार घेता येणार नाही.

पुस्तिकेतला क्रमही याच विचाराने लावला आहे. सुरुवात यंत्रावरच्या भारापासून आणि मोटरीपासून होते. मग पॉवर सप्लाय, मग ड्रायव्हर, मग वायरिंग, अर्थिंग आणि स्विच येतात. आज्ञा देणारा बोर्ड आणि त्याचा प्रोग्रॅम सर्वांत शेवटी. एरवी हा क्रम उलटा असतो. वाचक बोर्ड आधी घेतो, मग मोटरी शोधतो आणि उरलेल्या पैशांत सप्लाय बसवतो, म्हणून त्याचे यंत्र पाऊल चुकते आणि तो दोष बोर्डाला देतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी बिघाड ओळखण्याचा तक्ता दिला आहे. खरेदीआधी तो वाचावा आणि समोरच्या वस्तूबद्दल तीनच प्रश्न विचारावेत. हिचा कोणता भाग आधी जाईल? तो गेल्याचे मला कसे कळेल? आणि तो आठवडाभरात माझ्या हातात येईल का? या तिन्हींची उत्तरे विक्रेत्याकडून किंवा स्वतःकडून मिळत नसतील, तर ती वस्तू कितीही कमी किमतीला मिळाली तरी घेऊ नये.